चार एकर कोरडवाहू, घरात सहा माणसे : घरचे अन्न आणि बांधावरची औषधी कितपत जमेल?

प्रश्न : माळरान (तालुका अंबाजोगाई)

नमस्कार. मी आणि माझे यजमान गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुण्यातील बिऱ्हाड आवरून बालाघाटाच्या माथ्यावरील सासरच्या गावी कायमचे राहायला आलो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले अशी सहा माणसे आहोत. जमीन चार एकर. त्यातील अडीच एकर मध्यम काळी आणि दीड एकर मुरमाड. विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी चांगले असते, संक्रांतीनंतर मोटार अर्धा तास चालते आणि पाडव्यानंतर तळ दिसू लागतो.

आजवर या सगळ्या रानात सोयाबीन होत असे. त्याचे पैसे येत, पण ज्वारी, डाळ, तेल आणि भाजी या चारही गोष्टी विकत आणाव्या लागत. मामंजी म्हणतात, "पिकवायचं आपणच आणि पिशवी घेऊन बाजाराला जायचं बी आपणच." आमची इच्छा एवढीच आहे की घरच्या सहा माणसांचे अन्न शक्य तितके घरच्या रानातून यावे, आणि सासूबाईंना ज्या रानभाज्या व औषधी वनस्पती ठाऊक आहेत त्यांचा वापर घरात चालू राहावा.

अडचण याच दुसऱ्या भागात आली. आषाढात सासूबाई नणंदेकडे गेल्या असताना मी बांधावरून तरोटा म्हणून ओटीभर पाला खुडून आणला. निवडत बसले असता शेजारच्या मावशी आल्या, त्यांनी सुपातील एक डहाळी उचलली, पानांच्या जोड्या बोटाने मोजल्या आणि "ह्यो कासविंदा हाय, बाई" असे म्हणून सुपातला निम्मा पाला बाजूला काढला. माझ्या डोळ्यांना दोन्ही ढिगांत काहीही फरक दिसत नव्हता. सासूबाईंना पंचवीस-तीस वनस्पती सहज ओळखता येतात, पण खूण विचारली की "पाहिलं की कळतं" एवढेच उत्तर मिळते.

यजमानांचे वेगळेच चालले आहे. मोबाईलवरील चित्रफिती पाहून ते दारच्या कडुलिंबावरील गुळवेलीचा काढा गेले तीन महिने सर्वांना रोज सकाळी देत आहेत. सासूबाई मात्र गुळवेल फक्त तापात आणि तीही चार-पाच दिवसच देत असत, त्यामुळे त्यांनाही हे पटलेले नाही.

तेव्हा चार एकरांत सहा माणसांचे काय काय भागू शकेल, परसबागेला उन्हाळ्यात पाणी कोठून आणावे आणि रानातील औषधी कितपत घरच्या घरी वापराव्यात, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर : मांजराकाठ (तालुका कळंब)

ताई, परसबागेपासून सुरुवात करू नका, ज्वारीपासून करा. गावी परतलेली बहुतेक मंडळी आधी टोमॅटो आणि पालक लावतात, त्यांचे फोटो काढतात आणि मार्चमध्ये पाणी संपले की नाउमेद होतात. आपल्याकडचे घर भाकरी, डाळ आणि तेल यांवर चालते, आणि ही तिन्ही कोरडवाहू रानात येणारी पिके आहेत.

हिशोब साधा आहे. सहा माणसांना वर्षाला साडेसहा ते सात क्विंटल ज्वारी पुरते. माझ्या रानाचा अनुभव असा की कोरडवाहू रब्बी ज्वारी बऱ्या वर्षी एकरी चार क्विंटल होते आणि वाईट वर्षी दीडवर येते. म्हणून काळ्या रानातील दोन एकर तिला द्यावेत आणि एका वर्षाची ज्वारी घरात शिल्लक ठेवूनच दुसऱ्या वर्षाची विकावी. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. ज्या घरांच्या जमिनीतल्या पेवात आदल्या सालची ज्वारी होती ती घरे आणि जी सरकारी मदतीच्या सुकडीवर व बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर आली ती घरे, यांतला फरक मी पाहिला आहे. मालदांडी ज्वारी अजूनही भाकरीला सर्वांत गोड लागते आणि तिचा कडबा जनावरे आवडीने खातात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे परभणी मोती हे वाणही आमच्या भागात चांगले येते.

खरिपात तेच रान मोकळे ठेवू नका. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो आणि मुगाच्या बेवडावर, म्हणजे मूग निघालेल्या रानात, ज्वारी चांगली येते. ज्वारीच्या कडेने चारही बाजूंनी करडईच्या पाट्या, म्हणजे पट्टे, टाका. कोवळी असताना तिची भाजी होते, वाढल्यावर काटे येतात म्हणून मोकाट जनावर आत शिरत नाही, आणि शेवटी बियांचे तेल मिळते. सहा माणसांना वर्षाला पन्नास-पंचावन्न किलो तेल लागते, म्हणजे दोन क्विंटलच्या आसपास करडई हवी. एवढी नुसत्या पाट्यांतून निघणार नाही, काळ्या रानातला राहिलेला अर्धा एकर सलग पेरावा लागेल. मुरमाड तुकड्यात तूर आणि बाजरी मिश्र घ्या, कडेला अंबाडीच्या एक-दोन ओळी टाका. घरात डाळ नव्वद किलोच्या आसपास लागते, तिला सव्वा क्विंटल तूर पुरे. तूर भिजवून, उन्हात वाळवून, तेलाचा हात लावून जात्यावर भरडली की क्विंटलमागे सत्तर किलो डाळ पडते. चुणी शेळीला होते.

काय पेरायचे राहिले हे तपासायला आमच्या घरी येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा शेतातला सण, असतो. त्या दिवशीच्या भज्जीला तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, वाल, वाटाणा, चिंच आणि दहा प्रकारच्या भाज्या लागतात. जी वस्तू त्या दिवशी विकत आणावी लागते ती पुढच्या वर्षी पेरायची, असा माझ्या आईचा दंडक होता आणि तो मी अजून पाळतो.

आता पाणी. हजार चौरस फुटांचे पत्र्याचे छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर त्यावर ६५ हजार लिटर पाणी पडते, आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ५२ हजार हाती राहते. ऐकायला हा आकडा फार मोठा वाटतो, पण तेवढी टाकी बांधण्याच्या खर्चात दहा वर्षांची भाजी विकत येईल. मी पाच हजार लिटरची टाकी भरतो आणि उरलेले पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडतो. खरी युक्ती उन्हाळ्यात बाग लहान करण्यात आहे. पावसाळ्यात गुंठाभर लावा, पण फेब्रुवारीनंतर अडीचशे चौरस फूटच ठेवा, त्यावर उसाच्या पाचटाचे किंवा भुसाचे आच्छादन घाला आणि पश्चिमेला शेवगा किंवा हादगा लावून दुपारचे ऊन अडवा. एवढ्या जागेला भर उन्हाळ्यात रोज दीडशे लिटर पाणी लागते आणि सहा माणसांच्या न्हाणीचे पाणी जवळपास तेवढेच निघते. साबणाचे पाणी आधी केळी व अळूच्या खड्ड्यातून जाऊ द्या, थेट पालेभाजीवर सोडू नका.

ज्वारी साठवण्याचे शहाणपण सासऱ्यांकडे असेलच. दाणा दाताखाली धरल्यावर कट्ट वाजेपर्यंत वाळवायचा, चावल्यावर दबला तर पुन्हा उन्हात टाकायचा. कडुलिंबाचा पाला घातला तरी ओल राहिलेल्या ज्वारीला सोंडे किडे लागतातच.

उत्तर : परभणीचे वैद्य

माळरान ताई, मी परभणीत चोवीस वर्षे आयुर्वेदाचा व्यवसाय करतो. प्रथम काढ्याबद्दल लिहितो, कारण तो विषय थांबण्यासारखा नाही. सर्वांना रोज दिला जाणारा गुळवेलीचा काढा आजच बंद करावा. गुळवेल ज्वरात उत्तम काम करते, हे मी रोज पाहतो. परंतु ती औषध आहे आणि निरोगी सहा वर्षांच्या मुलाला तीन महिने औषध देण्याचे काही कारण नसते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन चुकीची वेल वापरली गेली असावी असे म्हटले, पण पुढे देशातील अनेक रुग्णालयांनी एकत्र केलेल्या पाहणीतही तसेच रुग्ण आढळले. माझ्या व्यवसायबंधूंना हे लिहिलेले आवडणार नाही, तरीही लिहितो. ज्यांना आमवातासारखा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार आहे त्यांनी ती घेऊच नये, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांची साखर तिने आणखी उतरू शकते. सासू-सासऱ्यांपैकी कोणी गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना काढ्याची माहिती अवश्य द्यावी. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे यांपैकी काही असेल तर यकृताची रक्ततपासणी लगेच करून घ्यावी.

वेल ओळखण्याबद्दल. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाकृती व गुळगुळीत असते, खोडावरची साल कागदासारखी पापुद्र्याने सुटते आणि आत हिरवे दिसते, फांद्यांवरून दोऱ्यासारखी मुळे खाली लोंबतात, आणि खोड आडवे कापले की बैलगाडीच्या चाकातील आऱ्यांसारखी नक्षी दिसते. पानाच्या खालच्या बाजूला दाट लव असेल तर ती तिची बहीण आहे, आणि खोडावर चामखिळींसारख्या गाठीच गाठी असतील तर ती आणखी तिसरी जात आहे. चाकाची नक्षी या बहिणींतही दिसते, म्हणून नुसते खोड कापून निर्णय करू नये.

तरोटा आणि कासविंदा यांचा घोळ तुम्हीच काय, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही करतात. तरोट्याच्या एका देठावर पर्णिकांच्या सहसा तीनच जोड्या असतात आणि पर्णिका टोकाकडे रुंद व गोल होत जाते, जणू उलटा धरलेला थेंब. कासविंद्याला चार ते सहा जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाला निमुळती असते. पुढे शेंगा आल्यावर तर शंकाच राहत नाही, कारण तरोट्याची शेंग वीतभर लांब, बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली असते, तर कासविंद्याची चपटी असते. कासविंद्याचा कोवळा पाला काही भागांत शिजवून खातात, त्यामुळे त्या दिवशी फार मोठा अनर्थ झाला असता असे मी म्हणणार नाही; पण त्याचे बी मुलांना घातक आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत असत, आणि खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया हे त्याचे कारण असल्याचे तेथील डॉक्टरांनी शोधून काढले. तुमच्या घराभोवतीचा कासविंदा शेंगा धरण्याआधी उपटून टाका.

घरी काय ठेवावे, असे विचाराल तर तुळस, अडुळसा, कोरफड, गवती चहा, ओवा आणि हळद. सर्दी, साधा खोकला, भाजणे-कापणे आणि अपचन यापलीकडे घरच्या औषधाने जाऊ नये. अडुळसा गरोदरपणी वर्ज्य आहे. कोरफडीचा गर काढताना सालीखालून येणारा पिवळा चीक धुऊन टाकावा, तो पोटात गेल्यास जोराचे जुलाब होतात. बिब्ब्याला तर हातच लावू नका. गेल्या हिवाळ्यात एका मुलाच्या टाचेला काटा मोडला म्हणून आजीने बिब्ब्याचा चटका दिला आणि तो असा उतला की पाय घोट्यापर्यंत फोडांनी भरला. श्रावण-भाद्रपदात कुंपणावर लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले येणारी कळलावी दिसेल; तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे गुंडाळलेले असते. तिचा कंद मुलांना रताळ्यासारखा वाटतो आणि तो प्राणघातक आहे. पिवळ्या धोतऱ्याचे बी मोहरीसारखे दिसते, म्हणून मळणीपूर्वी ते झाड खळ्यावरून वेगळे काढावे. सर्पदंश, कुत्र्याचा चावा आणि कावीळ यांवर गावात कोणी काहीही देत असले तरी थेट रुग्णालय गाठावे.

उत्तर : पैनगंगा (किनवट)

वैद्यबुवांनी चांगले लिहिले आहे, पण त्यांचे वाचून कोणी रानभाजी खाणेच सोडू नये म्हणून लिहिते. आमच्याकडे जंगल आहे, त्यामुळे चैतात मोहाची फुले, पुढे चारोळी असे पुष्कळ मिळते; तुमच्या माळावर तेवढे नसले तरी घोळ, चिवळ, कुंजर, केना, पाथरी, तांदुळजा, आषाढी द्वादशीचे वाघाटे आणि श्रावणातली करटुली मिळायला हरकत नाही. मिळत नसतील तर त्याचे कारण तणनाशक आहे. सोयाबीनमध्ये वीस दिवसांनी एक फवारणी होते आणि बांधावर वेगळी. पूर्वी ज्या बाया खुरपायला जात त्या संध्याकाळी ओटीत भाजी घेऊनच घरी येत. आता खुरपणीच उरली नाही, त्यामुळे भाजीही गेली आणि ओळखणाऱ्या बायांची पुढची पिढीही तयार झाली नाही. तुमच्या सासूबाईंना खूण सांगता येत नाही, कारण त्यांना ती कोणी सांगितलीच नव्हती. त्या आईच्या मागे सरीत बसून शिकल्या असतील. तुम्हीही त्यांच्यामागे खुरपे घेऊन बसा आणि एकच झाड उगवण, फूल, फळ व वाळणे अशा चारही अवस्थांत पाहा. सुपात खुडलेला पाला पाहून कोणालाच शिकता येत नाही.

एक खूण मात्र सांगते. घोळ आणि चिवळ यांच्याबरोबर तसेच जमिनीला चिकटून पसरणारे दुधी नावाचे तण उगवते. देठ मोडून पाहावे. घोळीच्या देठातून स्वच्छ पाणी येते आणि दुधीच्या देठातून पांढरा चीक. पण ही खूण फक्त या दोघींपुरतीच आहे, कारण पाथरीलाही दूध येते आणि ती आपण आनंदाने कच्ची खातो. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी घोळ बेताने खावी.

शेजाऱ्याने बांधावर फवारले असेल तर त्या हंगामात तिकडची भाजी खुडू नका. पाने पिवळी पडायच्या आधी ती अगदी ताजी, हिरवीगार दिसतात आणि तेव्हाच फसगत होते. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा, तो बांध आम्ही हाताने खुरपून देतो, असे सांगून पाहा. आम्हाला त्याचा उपयोग झाला. शतावरीसारखे ज्याचे मूळ वापरायचे ते बांधावरून खणू नका, रोप आणून कुंपणाला लावा. मूळ खणले की ते झाड गेलेच.

माळरान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काढा परवापासून बंद केला आहे. यजमानांनी थोडी कुरकुर केली, पण वेलीची पाने उलटी करून पाहिली तेव्हा त्यांना स्वतःलाच लव दिसली. मामंजी रक्तदाबाची गोळी घेतात, म्हणून त्यांची आणि मुलांची तपासणी उद्या करून घेत आहोत. दोन एकर ज्वारीचे मामंजींनी लगेच मान्य केले; सोयाबीन पूर्ण सोडायला मात्र ते तयार नाहीत, त्यामुळे या वर्षी मुरमाड तुकड्यात तुरीबरोबर बाजरीऐवजी सोयाबीनच राहील. सासूबाईंमागे खुरपे घेऊन बसायला कालपासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी कुंजर आणि काटेमाठ यांत माझी गफलत झाली आणि धाकटीची झाली नाही.

एक शंका राहिली. गेल्या वर्षीच्या दुधी भोपळ्याचे बी घरीच धरले होते. त्या वेलाचे पहिले फळ किंचित कडसर लागले. मीठ-गूळ घालून भाजी केली तर चालेल का?

मांजराकाठ

ताई, मुळीच करू नका. शिजवल्याने तो कडूपणा जात नाही. कुंपणावरच्या रानटी कडू भोपळ्याचे परागकण मधमाश्यांनी तुमच्या वेलावर आणले की त्या फळाच्या बियांत तो गुण उतरतो, आणि त्यातील कुकुरबिटासिन या विषाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावलेली आहेत. तो वेल उपटा आणि गेल्या वर्षी धरलेले उरलेले बीही टाकून द्या. यापुढे दुधी, दोडका, काकडी चिरताना देठाकडची चकती जिभेला लावून थुंकून टाकायची आणि मगच फोडणीला घालायची. बी धरायचे असेल तर संध्याकाळी उमलणाऱ्या मादी कळीवर आदल्या दिवशीच कापडी पिशवी बांधा, उमलल्यावर त्याच वेलाच्या नर फुलाने हाताने परागण करा, पुन्हा पिशवी बांधा आणि फळ धरले की देठाला रंगीत चिंधी बांधून ठेवा, म्हणजे कोणी चुकून भाजीला तोडणार नाही. ज्वारी, वाल, वाटाणा आणि मूग यांना एवढा खटाटोप लागत नाही. चांगली कणसे आणि शेंगा बघून बाजूला काढल्या की काम झाले.